आबांना कुणी सांगू नका

कोल्हापूरच्या माणसाला कुणी फुटबॉल शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल आहे. मॅच हरली तर त्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्यामुळे चाकणला नोकरीला आल्यावर एकदा मोबाइलवर रील दिसली, तेव्हा माझी सटकलीच. जाडं जाकीट घातलेला एक पोरगा जर्मनीतल्या हिरव्यागार मैदानावर उभा राहून अस्सल चाकणच्या मराठीत विचारत होता, चाकणला फुटबॉल खेळणारं कुणी आहे का? मी खाली लिहिलं, आहेत की, पण तू तिकडून बघणार आणि आम्ही इथे पळणार, ही कुठली रीत? त्याचं लगेच उत्तर आलं. ज्योतीरामदादा, तुम्ही सुरुवात तर करा, मी येतोच.

तो निरंजन. त्याला यायला चार वर्षं लागली.

निरंजन इथलाच, वासुली फाट्याच्या पुढच्या एका गावचा. इंजिनिअर झाला, चाकणच्याच कंपनीत लागला. कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडला आणि ती संपल्यावर तिथेच दुसरी नोकरी धरून तो राहिला. राहायला होता एका खेड्यात. तिथे बोलायला कुणी नाही, पण गावाला मैदान होतं. रविवारी अख्खं गाव तिथे जमायचं. म्हातारे कडेच्या बाकांवर बसून खेळणाऱ्या पोरांना शिव्या घालायचे. हा खेळायला लागल्यावर म्हाताऱ्यांनी यालाही शिव्या घालायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या देशात आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटलं. हे त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता, की असं मैदान आपल्या गावाला का नाही?

आम्ही दोघांनी मोबाइलवर पेज आणि ग्रुप काढला, त्यांचं नाव 'गुरुवार फुटबॉल'. ते नाव माझं, हे सांगून ठेवतो, नाहीतर सगळं श्रेय तोच घेऊन जातो. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. जग रविवारी लोळतं, आम्ही गुरुवारी. हिंजवडीचे आयटीवाले मेसेज करायचे, रविवारी ठेवा ना प्लीज. त्यांना निरंजन जर्मनीतून सुनवायचा, की हा कामगारांचा खेळ आहे, तुम्ही सुट्टी टाकून या.

सगळी व्यवस्था तोच बघायचा. बुधवारी ग्रुपवर विचारणा व्हायची, या आठवड्यात कोण फर्स्ट शिफ्टला, कोण थर्डला. थर्ड करून थेट मैदानावर येणारे डोळे चोळत उभे असत, म्हणून तो दोन्ही टीममध्ये पेंगणारे सारखे वाटून द्यायचा. आमची मॅच सुरू व्हायची तेव्हा तिकडे उजाडलेलंही नसायचं. हा पठ्ठ्या उठून मोबाइलवर लाइव्ह बघायचा आणि मॅच संपली की माझ्या चुका मला सांगायचा. मला. कोल्हापूरच्या माणसाला. मी म्हणायचो, तुझं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायला? तो हसायचा.

पण खरं बोलायचं तर शेळ्या गोळा झाल्या त्या त्याच्यामुळेच. परभणी, बुलढाणा, नंदुरबार, कुठकुठली पोरं. एका खोलीत चौघे राहायचे, पाळीपाळीने भात टाकायचे, आणि लाइनवरचा सुपरवायझर सोडला तर त्यांना या गावात नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. धम्मरत्न तर नांदेडहून आल्यावर कित्येक महिने मेसवाल्याशिवाय कुणाशी बोललाच नव्हता. निरंजनने त्याला एका कमेंटवरून हुडकला, गोलकीपर केला, आणि आता तो गोलमधून इतका ओरडतो की गप्प बस म्हणावं लागतं. कुणाची आई आजारी पडली, कुणाची खोली सुटली, की ग्रुपवर टाकायचं. तासाभरात कुणीतरी दारात उभं राहायचं. हे सगळं एका माणसाने सातासमुद्रापलीकडून मोबाइलवर उभं केलं, आणि आमच्यातल्या एकानेही त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

अडचण एकच होती, ती जागेची. आधी एका मोकळ्या प्लॉटवर खेळायचो, त्याला तारेचं कुंपण पडलं. मग दुसरा शोधला, तिथे कंटेनर उभे राहायला लागले. शेवटी निरंजन म्हणाला, आमच्या वरच्या वावरात खेळा, मी आबांना सांगतो.

आबा म्हणजे त्याचे वडील, गेनबा. त्यांची खालची चांगली जमीन एमआयडीसीत जाऊन जमाना झाला. राहिलं होतं ते हे रस्त्याकडेचं वरचं वावर, सगळं खडकाळ. पाऊस बरा झाला तर बाजरी, नाहीतर हुलगे. लग्न होऊन आल्यावर निरंजनच्या आईने, पुतळाबाईंनी, आबांच्या बरोबरीने त्यातले दगड वेचून बांधाला लावले होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "खेळा की. कोन न्हाई म्हनतंय."

त्यानंतर दर गुरुवारी ते बांधावर येऊन बसायचे. पुतळाबाई चहा पाठवायच्या. फुटबॉलमधलं आबांना ओ की ठो कळायचं नाही. पण हाताने का धरत नाहीत, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही, याचं मला फार कौतुक होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर निरंजनने ग्रुपवर मेसेज टाकला. तिकडची नोकरी सोडून तो कायमचा परत येणार होता. वरचं वावर नीट सपाट करून घ्यायचं, खरंखुरं मैदान करायचं आणि त्याला आबांचं नाव द्यायचं. फलकही करून ठेवायचा, आल्यावर पहिल्या गुरुवारी आबांच्या हातून त्याच्यावरचं फडकं काढायचं. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, 'आबांना कुणी सांगू नका. मी स्वतः सांगणार आहे.'

आमच्या पोरांच्या पोटात काही राहत नाही. कुणाला पगारवाढ मिळाली तर त्याच्या आधी ती कॅन्टीनला कळते. पण ही एक गोष्ट ग्रुपवरच्या शेकडो माणसांनी अशी सांभाळली, की बास. दर गुरुवारी आबांच्या घरचा चहा प्यायचा आणि अवाक्षर काढायचं नाही. आम्हाला त्याची मजा वाटायची.

निरंजनने आबांना फोनवर एवढंच सांगितलं, की वरचं वावर सपाट करून घेतोय. आबांनी विचारलं, कशापायी? तो म्हणाला, आल्यावर सांगतो.

जेसीबी आला. खडक फुटले, बांधाला लावलेले दगड खड्ड्यांत गेले, वर मुरूम पडला, रोलर फिरला. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी चाकणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि आम्हा बाहेरून आलेल्या शहाण्यांच्या ध्यानातच आली नाही. या पट्ट्यात ठेवायची जमीन कुणी सपाट करत नाही. कसायची असेल तर नांगरतात, विकायची असेल तर जेसीबी लावतात. मुरूम पडला की वर्षाच्या आत तिथे गोडाऊन उभं राहतं. आबांनी आयुष्यभर आजूबाजूला हेच बघितलं होतं. जेसीबीचा आवाज ऐकून गावातली माणसं त्यांना रस्त्यात अडवून विचारायला लागली, ठरलं म्हणायचं का गेनबा? आबा पुढे चालू लागायचे.

मला त्यांनी एकदा विचारलं, रस्त्याच्या बाजूने किती सुटलंय? मला वाटलं, मैदानाच्या रेषेबद्दल विचारतायत. मी मोठ्या उत्साहाने पावलं टाकून मोजून दाखवलं. ते मान हलवत ऐकत राहिले. रस्त्याला जमीन जेवढी जास्त लागते तेवढा तिचा भाव, हे मला नंतर कळलं.

मग ड्रोनचा व्हिडिओ झाला. लग्नाचं शूटिंग करणारा धम्मरत्नचा एक मित्र होता, त्याने फुकटात काढून दिला. आकाशातून दिसणारं ते मातकट मैदान, फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेषा, तळेगाव रोडपासून तिथपर्यंत काढलेली लाल रेघ, आणि खाली निरंजनने लिहिलेलं, गाडी थेट मैदानापर्यंत येते. तो हजारो लोकांनी बघितला. त्यात एक बबनराव होते. बबनराव आबांच्या भावकीतले, जमिनीचे व्यवहार जुळवणारे. माणूस वाईट नाही, पण त्यांना जमिनीत जमीनच दिसते. त्यांनी घरी येऊन मोबाइल आबांपुढे धरला. गेनबा, पोरानं तर जाहिरातच टाकलीय की.

आबांनी आपलं वावर आकाशातून पहिल्यांदा बघितलं. चारी बाजूंनी आखलेलं, रस्ता लाल रंगात दाखवलेलं. चाकणमध्ये विकायला काढलेला प्रत्येक प्लॉट मोबाइलवर असाच दिसतो. हे सगळं मला नंतर पुतळाबाईंनी सांगितलं. व्हिडिओ बघून झाल्यावर ते म्हणाले, पोरगं लाजतंय बापाला सांगायला.

पुढच्या फोनवर निरंजनने उगाच विषय काढला, की वरच्या वावराचं आल्यावर निवांत बोलू. आबा म्हणाले, बोलायला कशाला पायजे, बापाला कळतं. निरंजनला वाटलं, म्हातारा आपला नेहमीसारखं बोलतोय. त्याने ते आम्हाला हसत हसत सांगितलं, आणि आम्हीही हसलो.

निरंजन बुधवारी आला. मुंबईला उतरून संध्याकाळी घरी पोचला. आईचे डोळे सुजलेले होते. चार वर्षांनी लेक दारात आल्यावर दुसरं काय होणार, असं तो धरून चालला. आबा त्याच्याशी फार मायेने वागले. प्रवासाचा शीण असेल म्हणाले, सकाळी गुरुवार आहे, चांगला वार आहे, काय बोलायचं ते सकाळी बोलू. निरंजनलाही तेच हवं होतं.

गुरुवारी सकाळी मैदानावर ही गर्दी. रावेतपासून, राजगुरुनगरपासून पोरं आली होती. थर्ड शिफ्टवाले कंपनीच्या कपड्यांतच आले. मी निरंजनला पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. मोबाइलवर उंच वाटायचा, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होता. मी ठरवून ठेवलं होतं, भेटल्यावर आधी चार शिव्या द्यायच्या, चार वर्षं लावल्याबद्दल. पण त्याने आल्या आल्या मिठी मारली आणि त्या शिव्या राहूनच गेल्या. तो प्रत्येक पोराला नावाने हाक मारत होता. कोण कुठल्या कंपनीत, कोण या आठवड्यात कुठल्या शिफ्टला, सगळं त्याला पाठ. एवढी आनंदी माणसं मी फार बघितली नाहीत.

आबा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले. बरोबर पुतळाबाई. आबांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, ती त्यांनी छातीशी धरली होती. निरंजनने त्यांना हाताला धरून फलकापाशी नेलं आणि म्हणाला, आबा, ओढा. आबांनी फडकं ओढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मरत्न मोबाइलवर लाइव्ह करत होता.

आबा अक्षरं जुळवत वाचायला लागले. 'गेनबा मैदान. सर्वांसाठी खुले.' वाचून झाल्यावर त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं.

"ह्ये काय रं?"

मग निरंजन बोलत सुटला. चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्याने एका दमात सांगितलं. तिकडचं गाव, तिथले बाकावरचे म्हातारे, इथली पोरं, नोकरी सोडली ते, आता परत जाणार नाही ते. तुम्ही आणि आईने दगड वेचले ती जमीन कुणाच्या गोडाऊनखाली जाऊ देणार नाही, असंही म्हणाला. त्याच्याकडे सगळे बघत होते. मी आबांकडे बघत होतो. त्यांचं तोंड हळूहळू उघडत चाललं होतं.

"निरंजन," ते म्हणाले, "वावर इकलं म्या."

निरंजन हसला. त्याला थट्टा वाटली.

"सोमवारी खेडला जाऊन खरेदीखतावर सही केली. तुझ्या वाट्याचं कुलमुखत्यारपत्र हुतंच माझ्याकडं." त्यांनी कागदांची पिशवी पुढे केली. "रावेतला फ्लॅट घेतलाय. तुझ्या नावावर हाय. म्हनलं तू आल्यावर हातात द्यावा."

मी धम्मरत्नला खूण केली. त्याने मोबाइल खाली घेतला.

"का, आबा?" निरंजनने पिशवीला हात लावला नाही. "मी कधी म्हणालो विकायचं?"

"म्हनला न्हाईस. पर जेसीबी लावलास. मुरूम टाकलास. वरनं फोटू काढून मोबाइलवर जाहिरात टाकलीस. मी म्हनलं, पोरगं परदेशात ऱ्हातंय, त्याला ह्या खडकाचं काय सुख? इकायचं हाय, पर बापाफुडं तोंड उघडंना. तुझ्यावर तोंड उघडायची पाळी येऊ नये, म्हनून मीच उरकून टाकलं."

"तुम्हाला विकायचं होतं का?"

उत्तर पुतळाबाईंनी दिलं. "सही करून आल्यापास्नं धड जेवल्यालं न्हाईत ते."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. निरंजनने बबनरावांना फोन लावला, मग घेणाऱ्या पार्टीला लावला, हातापाया पडला. मीही बोललो, आणि माझी जीभ काही गोड नाही. बबनराव बिचारे मनापासून हळहळले. म्हणाले, अरे मला काय माहीत, मला आधी सांगायचं नाही का कुणी? पार्टीने सांगितलं, व्यवहार पुरा झाला आहे, गोडाऊनचा नकाशाही तयार आहे, एक तारखेला ताबा घेणार. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. त्यांच्यावर चिडायला काही कारण सापडेना, म्हणून मला जास्त चीड आली.

पोरं तशीच उभी होती, जर्सी घालून. घरी जावं की थांबावं कुणालाच कळत नव्हतं. परभणीचा एक पोरगा रडत होता. त्याचं इथे काय होतं, तर आठवड्यातून एक सकाळ. आमच्या सगळ्यांचं तेवढंच होतं. मला उगाच वाटायचं की मी कोल्हापूरचा, मला फुटबॉल जन्माचा मिळालाय, माझं काय अडतंय? त्या दिवशी कळलं किती अडतंय ते.

आबाच पुढे झाले. म्हणाले, "खेळा की. येक तारखेपतुर आपलंच हाय."

म्हणून आम्ही खेळलो. त्याला खेळणं म्हणवत नाही. बॉल इकडून तिकडे जात होता. धम्मरत्न गोलमध्ये उभा होता आणि ओरडत नव्हता. निरंजन, ज्याने ह्या मॅचसाठी नोकरी सोडली होती, तो बूट बांधून उतरलाच नाही. नवे बूट पायात घालून बांधावर बापाशेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने मीही बाहेर आलो आणि त्यांच्याजवळ बसलो. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आबा म्हणाले, त्यो मोबाइल दाव. जाहिरात कुठं हाय ती बघू.

निरंजनने व्हिडिओ लावून दिला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही समदे बोलता कुठं? त्याने ग्रुप उघडला. आबांना भरभर वाचता येत नव्हतं. ते नुसती नावं आणि फोटो बोटाने वर सरकवत राहिले. नावं संपेनात. मध्येच एखादा ओळखीचा चेहरा आला की थांबायचे, समोर मैदानात तो पोरगा शोधायचे, परत मोबाइलकडे वळायचे.

"ह्या समद्यांना ठावं हुतं?"

"हो, आबा."

"नांदेडच्या त्या पोराला बी?"

"हो."

"ज्योतीरामला?"

मी तिथेच बसलो होतो. मी मान खाली घातली.

आबांनी मोबाइल निरंजनच्या मांडीवर ठेवला. रागावले नव्हते. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "येवढ्या लोकांशी बोललास. मला येक फोन करून सांगितलं असतंस, तर हात तुटला असता पर सही केली नसती म्या."